बसली म्हणजे चालली असं नाही: जुन्या मशीनसाठी रॅम निवडताना

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला हमखास येतो, ‘रॅम वाढव’. सल्ला बरेचदा बरोबरच असतो. घोळ होतो तो पुढे. रॅम मागवली, झाकण उघडलं, पट्टी स्लॉटमध्ये टक् करून बसली आणि बटण दाबल्यावर स्क्रीन काळीच. किंवा मशीन चालू झालं, पण ४ जीबीच्या पट्टीतले २ जीबीच दिसतायत. मग ‘पट्टी खराब निघाली’ म्हणून ती परत जाते, दुसरी येते, तीही तशीच वागते. खरं तर पट्टी बहुधा ठणठणीत असते. तिचं आणि त्या मशीनचं जमत नसतं, एवढंच.

हे जमणं-न जमणं ठरवतो तो मेमरी कंट्रोलर. प्रोसेसर आणि रॅम यांच्या मधला हा भाग. कुठल्या पट्टीवरच्या कुठल्या चिपमध्ये काय लिहायचं, कुठून काय वाचायचं, हे सगळं तो बघतो. पूर्वी तो मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपांमध्ये, असायचा. एएमडीनं २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर तो प्रोसेसरमध्ये आणला. इंटेलनं तेच २००८ च्या शेवटी, पहिल्या कोअर आय७ पासून केलं. म्हणून तुमचं मशीन इंटेलचं कोअर २ ड्युओ किंवा त्याच्याही आधीचं असेल तर कोणती रॅम चालेल याचं उत्तर चिपसेटच्या नावात सापडतं, आणि त्यानंतरचं असेल तर प्रोसेसरच्या नावात. रॅम शोधायला लागण्याआधी ही दोन नावं कागदावर लिहून घ्या. ‘अमुक कंपनीचा लॅपटॉप’ एवढ्यावर रॅम ठरत नाही. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन वेगवेगळे बोर्ड विकले गेलेले असतात.

पिढी आधी, बाकी सगळं नंतर

डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत आणि एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी चालत नाही. यात अपवाद नाही. विजेचा दाबच वेगळा आहे: डीडीआरला २.५ व्होल्ट, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. चुकून भलतीच पट्टी बसू नये म्हणून खालच्या कडेची खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली असते. पिना मोजून मात्र फसायला होतं. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८. लॅपटॉपच्या आखूड पट्टीत, जिला सो-डिम म्हणतात, डीडीआर आणि डीडीआर२ दोघींना २०० पिना, आणि त्यांच्या खाचांमधला फरक इतका बारीक की पट्ट्या शेजारी ठेवल्याशिवाय लक्षातही येत नाही. डीडीआर३ ची सो-डिम २०४ पिनांची, डीडीआर४ ची २६०. पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावू नका. ती उलटी तरी धरली आहे, नाहीतर चुकीच्या पिढीची तरी आहे.

वर्षावरून पिढीचा ढोबळ अंदाज येतो. २००५ ते २००९ च्या आसपासची मशीन बहुतेक डीडीआर२ वर, २०१० ते २०१५ ची डीडीआर३ वर, त्यापुढच्या काही वर्षांची डीडीआर४ वर. पण सीमेवरच्या मशीनमध्ये अंदाजाचा भरवसा नाही. इंटेलच्या जी४१ चिपसेटचे बोर्ड डीडीआर२ चेही आले आणि डीडीआर३ चेही. इंटेलच्या सहाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ घेतात तसेच डीडीआर३एलही (डीडीआर३ चाच कमी व्होल्टेजचा प्रकार) घेतात. स्लॉट कुठले द्यायचे ते बोर्ड बनवणाऱ्यानं ठरवलं. काही डेस्कटॉप बोर्डांवर तर दोन्ही प्रकारचे स्लॉट असतात, फक्त एका वेळी एकच प्रकार वापरायचा. त्यामुळे सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मशीनमध्ये आत्ता असलेली पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचणं.

लेबल वाचायचं कसं

समजा जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या पट्टीवर असं छापलंय: ४जीबी २आर×८ पीसी३एल-१२८००एस-११. पहिलं तर सरळच आहे, क्षमता ४ जीबी. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. त्यापुढचा ‘एल’ म्हणजे कमी व्होल्टेजची. १२८०० हा आकडा वेगाचा, सेकंदाला कमाल १२,८०० एमबी. एका वेळी ८ बाइट जातात, म्हणून त्याला ८ नं भागायचं: १६००. जाहिरातीत ‘डीडीआर३ १६००’ लिहिलेलं असतं ते हेच. याच हिशेबानं पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ (लेबलवरचा आकडा थोडा खाली आणून लिहिलेला असतो), आणि पीसी२-६४०० म्हणजे डीडीआर२ ८००. आकड्यानंतरचा ‘एस’ सो-डिमचा, म्हणजे लॅपटॉपची. तिथे ‘यू’ असता तर डेस्कटॉपची साधी पट्टी, ‘आर’ असता तर सर्व्हरची. शेवटचा ११ हा लेटन्सीचा, म्हणजे मागितलेली माहिती मिळायला लागणाऱ्या विलंबाचा, त्यात फार अडकायचं कारण नाही. राहिलं ‘२आर×८’. हे अक्षर-आकड्यांचं जुडगं बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि बहुतेक घोळ तिथेच असतो. त्याकडे वळण्याआधी वेग आणि व्होल्टेज उरकून घेऊ.

वेगाची चिंता फारशी नको. प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची बारकीशी चिप असते, तिच्यात त्या पट्टीला झेपणारे वेग नोंदलेले असतात. मशीन सुरू होताना त्या नोंदी वाचल्या जातात आणि सगळ्या पट्ट्यांना व कंट्रोलरला झेपेल असा वेग निवडला जातो. कंट्रोलर १३३३ चाच असेल आणि तुम्ही १६०० ची पट्टी घातलीत तर ती सहसा १३३३ नं गुमान चालते. त्यामुळे वेगवान पट्टी स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या. पण वेगासाठी जादा पैसे मोजायला जुनं मशीन ही जागा नव्हे. गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डीडीआर३ पट्ट्यांवर बरेचदा १.६५ व्होल्टचा वेगवान प्रोफाइल, म्हणजे आधीच भरून ठेवलेली सेटिंग, असतो. साध्या बोर्डवर त्याचा उपयोग शून्य.

व्होल्टेजकडे मात्र नीट बघा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ वर. ‘एल’ पट्टी दोन्हींवर चालेल अशीच बनवलेली असते, साधी पट्टी तशी नसते. इंटेलच्या चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या पातळ लॅपटॉपमधले प्रोसेसर १.३५ वालीच रॅम घेतात, आणि तिथे साधी डीडीआर३ घातली तर मशीन उठतच नाही. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ वापरू नका, त्यानं प्रोसेसरला इजा होऊ शकते, असं इंटेलनंच सांगितलं होतं. या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. डीडीआर३ घ्यायची असेल तर डोळे झाकून ‘एल’ घ्या. मशीन जुनं निघालं तरी ती चालेल.

चिप मोजा

आता २आर×८. ‘आर’ म्हणजे रँक, एकदम काम करणाऱ्या चिपांचा गट, आणि ‘×८’ म्हणजे पट्टीवरची प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. एका रँकमधून एका दमात ६४ बिट निघावे लागतात, म्हणजे ८ बिटवाल्या ८ चिपांची एक रँक. ‘१आर×८’ म्हणजे एकूण ८ चिपा, ‘२आर×८’ म्हणजे १६. लेबल फाटलेलं असलं तरी चिपा मोजता येतात, बहुधा दोन रँक असतील तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना ८-८ असतात.

मग ४ जीबी ८ चिपांत मावले काय आणि १६ चिपांत मावले काय, फरक कसला? हिशेब करून बघा. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. १६ चिपांत विभागले तर प्रत्येक चिप २ गिगाबिटची. ८ चिपांत विभागले तर प्रत्येकी ४ गिगाबिटची. आणि जुन्या कंट्रोलरला मोठी चिप वाचता येतेच असं नाही. चिपमधली प्रत्येक जागा ओळ आणि रकाना सांगून शोधली जाते. अर्जात घर क्रमांकासाठी तीनच चौकटी छापल्या असतील तर हजाराव्या घराचा पत्ता लिहिणार कसा, तशी कंट्रोलरची गत होते. डीडीआर३ च्या ×८ चिपांचं बोलायचं तर २ गिगाबिटच्या चिपमध्ये ओळ सांगायला १५ बिट लागतात, ४ गिगाबिटच्या चिपमध्ये १६. ८ गिगाबिटच्या चिपमध्ये ओळीचे बिट १६ च राहतात, पण रकान्याला १० ऐवजी ११ लागतात. जो बिट कंट्रोलरकडे नाहीच, त्याच्या पलीकडची मेमरी त्याच्या लेखी अस्तित्वात नसते. नशीब बरं असेल तर पट्टी अर्धी दिसते, नसेल तर मशीन सुरूच होत नाही.

प्रत्यक्षात हे कुठे अडतं? जी४१ च्या डीडीआर३ बोर्डवर ४ जीबीची पट्टी चालते, पण १६ चिपांचीच. ८ चिपांची तीच ४ जीबी, त्याच कंपनीची, त्याच वेगाची असली तरी चालत नाही. पहिल्या पिढीच्या कोअर आय३, आय५ लॅपटॉपचंही तसंच, २ गिगाबिटच्या चिपांपुढे भरवसा नाही. म्हणून तिथे एका स्लॉटला ४ जीबी ही मर्यादा धरून चाला. दुसऱ्या ते चौथ्या पिढीपर्यंतचे इंटेल ४ गिगाबिटच्या चिपा वाचतात, म्हणजे ८ जीबीची पट्टी चालते, पण ती १६ चिपांची हवी. ८ जीबीच्या ‘१आर×८’ डीडीआर३ पट्ट्या आणि १६ जीबीच्या डीडीआर३ पट्ट्या या मशीनच्या कामाच्या नाहीत. त्यांतल्या ८ गिगाबिटच्या चिपा इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे चालू लागल्या.

‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ पट्ट्या हाही याच गोष्टीचा भाग. त्यांच्यावर बहुतेकदा ×४ चिपा असतात, त्यांना रकान्याचा तो अकरावा बिट लागतो. एएमडीच्या प्रोसेसरमधला कंट्रोलर तो देतो, इंटेलचे साधे डेस्कटॉप बोर्ड देत नाहीत. म्हणजे लिहिलेलं अगदी खरं असतं, फक्त बारीक अक्षरात असतं.

हा प्रकार आजचा नाही. १९९८ च्या इंटेल ४४०बीएक्स चिपसेटवर २५६ एमबीची ८ चिपांची पट्टी घातली की १२८ एमबीच दिसायची, १६ चिपांची घातली की पूर्ण दिसायची. पिढ्या बदलल्या, आकडे वाढले, अडचण तीच राहिली. म्हणून एक साधा नियम सांगतो: मशीन त्याच्या रॅमच्या पिढीच्या सुरुवातीच्या काळातलं असेल तर त्याच क्षमतेत जास्त चिपांची पट्टी निवडा. विक्रेत्याला ‘किती जीबी’ विचारता तसं ‘एकेरी रँक की दुहेरी’ हेही विचारा, आणि उत्तर येत नसेल तर पट्टीचा दोन्ही बाजूंचा फोटो मागा.

सर्व्हरच्या पट्ट्यांचा मोह

डेटा सेंटरमधून निवृत्त झालेली डीडीआर३ आणि डीडीआर४ रॅम वापरलेल्या मालाच्या बाजारात फार स्वस्त दिसते. ती रजिस्टर्ड प्रकारची असते, लेबलवर वेगाच्या आकड्यापुढे ‘आर’. पिना तेवढ्याच, खाचही तिथेच, त्यामुळे डेस्कटॉपमध्ये ती आरामात बसते. चालत मात्र नाही, कारण चिपांच्या आणि कंट्रोलरच्या मध्ये रजिस्टर नावाची आणखी एक चिप असते आणि साध्या कंट्रोलरला तिच्याशी बोलता येत नाही. पट्टीच्या मधोमध वेगळ्या आकाराची चिप दिसली तर ती हीच. जुनं झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) वर्कस्टेशन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हीच पट्टी पैसे वसूल करून देते.

किती घ्यायची

मॅन्युअलमधल्या कमाल मर्यादेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, पण तिच्याकडे दुर्लक्षही नको. कंपनीनं ती लिहिली तेव्हा बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात मोठ्या पट्टीवरच चाचणी झालेली असते. दुसऱ्या पिढीच्या कोअर आय५ लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ८ जीबी लिहिलेलं असायचं. प्रोसेसर मात्र १६ जीबी घेतो आणि दोन ८ जीबीच्या पट्ट्यांवर ती मशीन चालतातही. खरी मर्यादा इंटेलच्या संकेतस्थळावर प्रोसेसरच्या नावापुढे मिळते. बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅममधून, मिळणारा ‘कमाल क्षमता’ हा आकडा, जो लिनक्समध्ये डीएमआयडीकोड नावाचा प्रोग्रॅम दाखवतो, तो कित्येकदा चुकीचा भरलेला असतो.

उलट बाजूही आहे. इंटेलच्या ९४५ मालिकेतल्या चिपसेटवर ४ जीबी घातले तरी ३ जीबीच्या थोडं वर काही वापरायला मिळतात. पत्त्यांची एकूण जागाच ४ जीबीची आणि तिचा एक भाग ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखीव. तिथे ३२ बिटची विंडोज काढून ६४ बिटची घातली तरी काही फरक पडत नाही. त्यापुढच्या मशीनवर मात्र पडतो: ३२ बिटची विंडोज असेल तर ८ जीबी घालूनही साडेतीनच्या आसपासच वापरली जाते. आधी सिस्टिम ६४ बिटची आहे का ते बघा. आणि विंडोज ७ ची होम बेसिक आवृत्ती ६४ बिटची असली तरी ८ जीबीलाच थांबते, होम प्रीमियम १६ ला.

डीडीआर२ च्या मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन स्लॉट, दोन-दोन जीबीच्या पट्ट्या, आणि तिथेच थांबायचं. ४ जीबीच्या डीडीआर२ पट्ट्या दुर्मिळ आणि म्हणून महाग, वर त्या घेणारे चिपसेट मोजके. तेवढ्या पैशात पुढच्या पिढीचं वापरलेलं मशीन बघितलेलं बरं.

दोन स्लॉट असतील तर एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या घ्याव्यात, कारण मग दोन्ही चॅनेल, म्हणजे कंट्रोलर ते रॅम हे दोन्ही रस्ते, एकदम चालतात. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला याचा फायदा जास्त, कारण ते ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं. पण आधीची ४ ची पट्टी काढून फेकण्याची गरज नाही. इंटेलचे बरेच कंट्रोलर असमान जोडीतही सांभाळून घेतात: ४ आणि ८ घातले तर ४+४ दुहेरी चॅनेलवर आणि उरलेले ४ एकेरीवर. चार स्लॉटच्या बोर्डवर रंग बघून जोडी लावा. सारखा रंग बहुधा जोडीचा असतो, पण काही कंपन्यांनी उलट रंगवलंय, तेव्हा मॅन्युअल बघितलेलं चांगलं.

विकत घेण्याआधीची तपासणी

आधी हे बघा की रॅम वाढवता येते तरी का. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते, काहींत थोडी सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट. मॅकबुक एअरमध्ये तर स्लॉट कधीच नव्हता. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. सीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीची एसपीडी नोंद वाचता येते: पिढी, क्षमता, वेग, आणि बरेचदा रँकसुद्धा.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये, नेहमीचं काम चालू असताना, मेमरी किती टक्के भरली आहे आणि डिस्क किती व्यस्त आहे ते बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० वर असेल तर रॅम कमी पडतेय, सिस्टिम डिस्कवर ढकलाढकली करतेय. मेमरी निम्मी रिकामी आणि तरीही डिस्क १०० वर असेल, तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा आहे आणि पैसे एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कवर, घालायला हवेत. ८ जीबीच्या मशीनमध्ये १६ करून फरक पडला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांचं मशीन उघडलं तर आत बहुधा जुनी हार्ड डिस्कच निघते.

बसवताना वायर काढा, लॅपटॉपची बॅटरी काढता येत असेल तर तीही काढा, आणि पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. सोनेरी पिनांना बोटं लागू देऊ नका. सो-डिम तिरकी आत सरकवायची, पूर्ण गेली की खाली दाबायची. दोन्ही बाजूंचे चिमटे आपोआप अडकले पाहिजेत. सोनेरी कडेची रुंद पट्टी बाहेर दिसत राहिली तर ती अजून आत गेलेली नाही.

पहिल्यांदा चालू करताना मशीनला थोडा जास्त वेळ लागला तर घाबरू नका. एकदा सुरू झालं की मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवा, निदान एक पूर्ण फेरी, जमल्यास रात्रभर. एकही लाल ओळ आली तर सगळ्या पट्ट्या काढून एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये तपासा. प्रत्येक पट्टी एकटी नीट चालली आणि एकत्र घातल्यावरच चुका आल्या, तर बायोस अपडेट करून बघा, नाहीतर बायोसमध्ये रॅमचा वेग एक पायरी खाली आणा. एकच पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये चुका दाखवत असेल, तर मात्र ती बेलाशक परत करा.